चंद्रमणी आणि परिटाची वही

दिवाळीच्या फराळात जसा एखादा तिखट पदार्थ लागतोच, तशी दिवाळी अंकात एखादी तरी रहस्यकथा लागते. लाडू-करंज्यांनी तोंड गोड-गोड झाले की हात आपोआप चिवड्याकडे वळतो. आणि कविता, प्रवासवर्णने, व्यक्तिचित्रे यांवरून नजर फिरवून झाली की चांगला सात्त्विक, देवभीरू माणूससुद्धा हळूच खुनाच्या गोष्टीचे पान उघडतो. सणासुदीच्या दिवसांत माणसांना खून का वाचावासा वाटतो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो केवळ आपल्यापुरताही नाही. शेरलॉक होम्स जगापुढे प्रथम आला तो १८८७ साली, 'बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल' नावाच्या एका नाताळ अंकातून. एका शिलिंगाला मिळणाऱ्या त्या अंकासाठी पोर्ट्समथजवळच्या साउथसी येथे दवाखाना चालवणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल या तरुण डॉक्टराने 'अ स्टडी इन स्कार्लेट' ही कादंबरी दिली आणि तिचे सर्व हक्क पंचवीस पौंडांना विकून टाकले. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध डिटेक्टिव्ह हा आपल्या भाषेत सांगायचे तर दिवाळी अंकातलाच मुलगा!

या आवडीचा खुलासा बहुतेक टीकाकार एका वाक्यात उरकतात: रहस्यकथा हे कोडे आहे, आणि कोडे सोडवायला माणसाला आवडते. हे खोटे नाही. पण अपुरे आहे. कोडीच सोडवायची तर बुद्धिबळ आहे, शब्दकोडी आहेत. त्यासाठी प्रेत कशाला हवे? आणि ते प्रेत बहुतेक वेळा एखाद्या प्रतिष्ठित घराच्या दिवाणखान्यातच का सापडावे? मला वाटते, या वाङ्मयाचा खरा विषय खून नव्हे. घर हा आहे. बंद दारे, पाळलेली कुलुपे, वरच्या मजल्यावरची माणसे आणि खालची माणसे, आणि या घरात बाहेरून येऊन प्रश्न विचारणारा एक परका मनुष्य. त्या परक्याला आपण किती आत येऊ देतो, यावर रहस्यकथेची उंची ठरते. हे म्हणणे तपासून पाहायचे तर व्हिक्टोरियाराणीच्या काळातल्या इंग्लंडात जायला हवे. कारण हा परका प्रथम त्या काळातच जन्मला.

लंडनला गणवेषधारी पोलीस मिळाले ते १८२९ साली, रॉबर्ट पीलच्या कारकीर्दीत. पण साध्या कपड्यातला पोलीस ही कल्पना इंग्रजांना मुळीच रुचणारी नव्हती. तो फ्रेंच प्रकार. तिकडे व्हिडॉकसारखा जुना गुन्हेगार गुप्त पोलिसांचा नायक होऊन बसला होता. आपल्या घरात, आपल्या सभेत सरकारचा हेर शिरावा ही गोष्ट स्वातंत्र्याचा अभिमान बाळगणाऱ्या इंग्रजाला अपमानास्पद वाटे. १८३३ साली पोपे नावाचा एक सार्जंट वेषांतर करून एका राजकीय संघटनेत मिसळल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्याची चौकशी पार्लमेंटपर्यंत गेली. त्यामुळे लंडनच्या पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह शाखा निघायला १८४२ साल उजाडावे लागले, आणि तीही केवळ आठ माणसांची: दोन इन्स्पेक्टर व सहा सार्जंट. एवढ्या अफाट शहराला आठ माणसे!

या आठ जणांना समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका कादंबरीकाराने. चार्ल्स डिकन्सने १८५० साली त्यांना आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकाच्या कचेरीत बोलावले, त्यांच्या हकिकती ऐकल्या आणि मोठ्या कौतुकाने छापल्या. पुढे १८५२-५३ मध्ये 'ब्लीक हाउस' कादंबरीत त्याने इन्स्पेक्टर बकेट रंगवला. तो इन्स्पेक्टर फील्ड या खऱ्या अधिकाऱ्यावरून घेतला असल्याचे तेव्हापासून बोलले जाते. डिकन्सच्या लेखांत जोनाथन व्हिचर नावाचा आणखी एक मनुष्य नाव किंचित बदलून येतो. माळ्याचा मुलगा, अबोल, बुटका, देवीचे व्रण असलेला, आणि सदैव काही हिशेब करीत असल्यासारखा दिसणारा. जोवर हे लोक खिसेकापू, चोर, भामटे यांच्या मागावर होते, तोवर सुशिक्षित वाचकाला ते लाडके होते. चोरांच्या गल्लीत शिरणाऱ्या पोलिसाचे आपल्याला कौतुकच असते. तो आपल्या गल्लीत शिरला म्हणजे खरी परीक्षा होते.

ती परीक्षा १८६० साली झाली. विल्टशायर आणि सॉमरसेट यांच्या सीमेवर रोड नावाचे खेडे आहे. तेथे रोड हिल हाउस या प्रशस्त घरात सॅम्युएल केंट हा कारखान्यांचा सरकारी निरीक्षक राहत असे. पहिली बायको वारल्यावर त्याने मुलांच्या शिक्षिकेशीच दुसरा विवाह केला होता. २९ जूनच्या रात्री दाईच्या खोलीतून दुसऱ्या बायकोचा, चार वर्षेही न भरलेला मुलगा नाहीसा झाला, आणि सकाळी त्याचा गळा चिरलेला देह बागेतल्या नोकरांच्या शौचकूपात सापडला. रात्री घराला आतून कुलपे होती. म्हणजे गुन्हेगार घरातलाच. स्थानिक पोलिसांनी असल्या प्रसंगी पोलीस जे करतात तेच केले: दाईला पकडले.

दोन आठवड्यांनी लंडनहून व्हिचर आला. त्याने मोठमोठे तर्क लढवले नाहीत. त्याने धुण्याचा हिशेब मागितला. पहिल्या बायकोची सोळा वर्षांची मुलगी कॉन्स्टन्स; तिचे रात्रीचे झगे तीन. यादीत तीन, कपाटात दोन. तिसरा कुठे गेला? घरच्यांचे म्हणणे, परटिणीने हरवला. व्हिचरचा तर्क असा की, रक्ताने भरलेला झगा नष्ट करून कॉन्स्टन्सने धुण्याच्या टोपलीत एक स्वच्छ झगा मोजून घातला, आणि मोजणाऱ्या मोलकरणीला पाणी आणायच्या निमित्ताने दूर पाठवून तो पुन्हा काढून घेतला. म्हणजे हरवल्याचा आळ आपोआप परटिणीवर जावा. केवढी साधी आणि केवढी भयंकर युक्ती! घरातल्या गृहिणीला हे अधिक समजावून सांगायला नको. परिटाची वही म्हणजे घराचा आरसा असतो. कोणाकडे किती लुगडी, किती सदरे, कोणती चादर कधी विटली, कुठला डाग निघाला नाही, हे सारे तिच्यात असते. व्हिचरचे सारे कौशल्य त्या वहीची एक ओळ नीट वाचण्यात होते.

पण ही ओळ वाचणे इंग्लंडला सहन झाले नाही. व्हिचरने कॉन्स्टन्सला अटक केली, आणि आठवड्याभरात पुराव्याअभावी ती सुटली. वृत्तपत्रांनी झोड उठवली ती खुन्यावर नव्हे, व्हिचरवर. १८५५ साली वृत्तपत्रांवरचा स्टँप-कर उठल्यापासून पेनीभर किमतीची पत्रे घरोघर जात होती, आणि घरोघरी या खुनाची चर्चा चालली होती. शेकडो लोकांनी स्कॉटलंड यार्डाला पत्रे लिहून आपापला गुन्हेगार सुचवला. मात्र एका माळ्याच्या मुलाने कुलीन कन्येच्या अंगवस्त्रांची मोजदाद करावी, हा त्यांच्या दृष्टीने खुनापेक्षाही मोठा अपराध ठरला. याच स्थानिक पोलिसांना स्वयंपाकघरातल्या चुलीच्या पोकळीत रक्ताळलेले एक वस्त्र सापडले होते आणि त्यांनी ते व्हिचरला कळूही दिले नव्हते, हे काही महिन्यांनी बाहेर आले. त्याने फारसे कोणाचे मन बदलले नाही. व्हिचर खचला. १८६४ साली, पन्नाशीही न गाठता, मेंदूच्या विकाराचे कारण दाखवून तो नोकरीतून निवृत्त झाला. आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये कॉन्स्टन्स केंट आपण होऊन लंडनच्या न्यायाधीशापुढे उभी राहिली व म्हणाली, खून मी केला. तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली, आणि वीस वर्षे तुरुंगात काढून ती १८८५ साली सुटली. नंतर ती नाव बदलून ऑस्ट्रेलियात गेली, परिचारिका झाली, आणि वयाची शंभरी गाठून १९४४ साली वारली. केट समरस्केल या लेखिकेने २००८ साली या साऱ्या प्रकरणावर पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे व्हिचरचे नाव पुन्हा सामान्य वाचकाच्या ओठांवर आले.

ही हकिकत इतक्या विस्ताराने सांगितली, कारण इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबरीचा पाया या एका घरात खणला गेला आहे. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही कादंबरी जानेवारी ते ऑगस्ट १८६८ या काळात डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकातून क्रमशः आली. टी. एस. एलियटसारख्या चोखंदळ टीकाकाराने इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांत तिला अग्रस्थान दिले आहे. (ज्यांनी ती वाचलेली नाही आणि वाचायची आहे त्यांनी येथूनच पान उलटावे, कारण रहस्य न फोडता रहस्यकथेची समीक्षा करणे म्हणजे नारळ न फोडता खोबऱ्याची चव सांगणे होय.)

यॉर्कशायरमधल्या एका मोठ्या घरी रेचेल व्हेरिंडर या तरुणीला अठराव्या वाढदिवशी मामाने मृत्युपत्रात ठेवलेला एक अमोल हिरा मिळतो, आणि त्याच रात्री तो चोरीस जातो. स्थानिक सुपरिंटेंडेंट येतो, नोकरांच्या पेट्या उचकटतो आणि सर्वांना दुखावून ठेवतो. मग लंडनहून सार्जंट कफ येतो: वाळलेल्या काटकीसारखा, वयस्कर, गुलाबांचा नादी. बागेतल्या वाटा कशाच्या असाव्यात यावर तो माळ्याशी तावातावाने भांडतो. दाराच्या ताज्या रंगावर एक ओरखडा उठलेला आहे. म्हणजे कोणाच्या तरी कपड्याला तो रंग लागलेला असणार. कफ म्हणतो, सर्वांच्या कपड्यांची झडती घेऊ; नोकरांचीच नव्हे, मालकांचीही, म्हणजे कोणाला अपमान वाटणार नाही. घरमालकीण तयार होते. रेचेल साफ नाकारते. आणि कफ आणखी काय मागतो? परिटाची वही. रोड हिल हाउस येथे पुन्हा आपल्यापुढे उभे राहते. हरवलेला झगा, संशयित कुलकन्या, बुद्धिमान आणि खालच्या वर्गातून वर आलेला पोलीस. एवढेच नव्हे, तर माळ्याच्या मुलाची स्मृती त्या गुलाबांतही दरवळते, असे मला वाटते.

आता यापुढे कॉलिन्स जे करतो ते पाहण्यासारखे आहे. कफ ठरवतो की रेचेलनेच आपला हिरा लपवला, आणि कफ चुकतो. रेचेल निरपराध असते. म्हणजे कॉन्स्टन्सने कबुली दिल्यानंतर तीन वर्षांनीसुद्धा कॉलिन्स आपल्या वाचकाला म्हणतो, घाबरू नका, आपल्या मुली तशा नसतात. वाचकाला दिलेला हा दिलासा आहे, आणि व्हिचरवर केलेला किंचित अन्यायही आहे. पण कॉलिन्स तेवढ्यावर थांबत नाही. एका हाताने दिलेला दिलासा तो दुसऱ्या हाताने काढून घेतो. रंग लागलेला झगा निघतो तो कथेचा नायक फ्रँकलिन ब्लेक याचाच! डॉक्टरने नकळत पाजलेल्या अफूच्या अमलाखाली त्यानेच हिरा उचललेला असतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. जो चोर शोधून काढायला सर्वांत उत्सुक, तोच पहिला हात लावणारा. खरा लबाड निघतो तो गॉडफ्रे एबलव्हाइट; धर्मादाय संस्थांच्या सभांतून गोड भाषणे करणारा, स्त्रियांचा लाडका सद्गृहस्थ. म्हणजे घर निर्दोष नाहीच. मुलीवरचा डाग पुसला. पण तो निघाला नाही, फक्त दुसऱ्या कपड्यावर उमटला.

या झग्याची खरी मालकी मात्र तिसऱ्याच व्यक्तीकडे जाते, आणि मला विचाराल तर या कादंबरीचे हृदय तेथे आहे. रोझॅना स्पिअरमन ही घरातली मोलकरीण. पूर्वायुष्यात चोरी केलेली, सुधारगृहातून आलेली, एक खांदा वाकडा, रूप नाही. ती फ्रँकलिनवर मुकाट्याने प्रेम करते. आणि त्याच्या झग्यावरचा रंग तिला दिसतो. ती रात्र-रात्र जागून तसाच दुसरा झगा शिवते, डागाचा झगा पत्र्याच्या पेटीत घालून समुद्रकाठच्या थरथरत्या वाळूत लपवते, आणि शेवटी त्याच वाळूत स्वतःला संपवते. फ्रँकलिन तिच्याकडे एकदा नीट पाहतही नाही. ज्या घरात सर्व जण चोर शोधीत होते, त्या घरात हे गुपित ठाऊक असलेली एक मोलकरीण होती, आणि तिच्याकडे संशयाने पाहण्यापलीकडे कोणी काही केले नाही. पुढच्या डिटेक्टिव्ह कथांत मोलकरीण दार उघडते, किंचाळते आणि जबानी देते. कॉलिन्सने तिला मन दिले.

या कादंबरीचा दुसरा धागा आपल्या देशातून जातो. हिरा मामाने कमावलेला नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि त्या लुटालुटीत जॉन हर्नकासल या इंग्रज अधिकाऱ्याने शस्त्रागारात रक्त सांडून तो पळवला, अशी कादंबरीची प्रस्तावनाच आहे. त्याही आधी तो सोमनाथच्या चंद्रदेवतेच्या मूर्तीच्या कपाळावर होता, आणि तीन ब्राह्मण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पाळतीवर आहेत. येथे मराठी वाचकाला हसू आल्याशिवाय राहणार नाही. सोमनाथ म्हणजे चंद्र नव्हे, चंद्राचा नाथ. तेथे चार हातांची, हरिणावर बसलेली चंद्रमूर्ती कोठून येणार? अहिल्याबाई होळकरांनी १७८३ साली सोमनाथाच्या भग्न देवळाजवळ नवे देऊळ बांधले तेही शंकराचेच. कॉलिन्स हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याची पोथी पुस्तकांवरून उतरलेली होती.

पण तपशिलात चुकणारा हा लेखक मर्मात चुकत नाही. त्याला हे पक्के ठाऊक आहे की, समुद्र ओलांडताना आणि डोंबाऱ्याचा वेष घेताना त्या तिघांनी आपली जात पणाला लावली आहे. शेवटी हिरा पुन्हा मूर्तीच्या कपाळी बसतो, आणि हजारोंच्या जमावासमोर ते तिघे एकमेकांना कवटाळून तीन दिशांना निघून जातात: प्रायश्चित्तासाठी, पुन्हा कधीही न भेटण्यासाठी. ज्या काळी आपल्याकडे विलायतेहून परतलेल्या माणसाच्या पंक्तीला बसावे की नाही यावर घरे फुटत होती, त्या काळी एका इंग्रज कादंबरीकाराला या त्यागाचे वजन कळले होते, ही सामान्य गोष्ट नव्हे. आणि साल पाहा. १८५७ चा उठाव होऊन पुरती अकरा वर्षे लोटली होती. त्या उठावाच्या बातम्यांनी भडकलेल्या डिकन्सने एका खासगी पत्रात या साऱ्या जमातीच्या निःपाताची भाषा केली होती. त्याच वर्षीच्या त्याच्या नाताळ अंकातल्या सूडाच्या कथेला खुद्द कॉलिन्सने एक प्रकरण लिहून दिले होते. तोच कॉलिन्स डिकन्सच्याच साप्ताहिकात लिहितो की हिरा ज्यांचा त्यांना परत गेला. १८४९ साली पंजाबच्या बालराजाकडून कोहिनूर घेतला गेला आणि १८५१ च्या प्रदर्शनात लंडनकरांनी रांगा लावून तो पाहिला, हे ज्यांच्या स्मरणात होते त्या वाचकांपुढे हा शेवट ठेवणे म्हणजे हळू आवाजात फार मोठे वाक्य बोलणे होते. ते तिघे खून करतात. कॉलिन्स तो लपवत नाही. पण पहिली चोरी कोणाची, हा प्रश्नही तो लपवत नाही.

याच्या शेजारी डॉयलची 'द साइन ऑफ फोर' ही १८९० सालची कादंबरी ठेवून पाहावी. येथेही हिंदुस्थानातली लूट आहे, इंग्रज अधिकाऱ्यांचा लोभ आहे, आग्र्याच्या किल्ल्यात सत्तावन्नच्या धामधुमीत झालेला खून आहे. कथनाचा वेग विलक्षण, टेम्स नदीवरचा पाठलाग तर श्वास रोखायला लावणारा. परंतु त्यातले शीख कोण? महोमेत सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर! ही नावे वाचून कुठलाही भारतीय वाचक कपाळाला हात लावील. अंदमानचा टोंगा तर माणूस म्हणून येतच नाही. आणि त्या खजिन्याचे शेवटी काय होते? तो नदीत फेकला जातो, नायिका गरीब राहते म्हणून वॉटसन सुखी होतो, आणि तो मुळात होता कोणाचा, हा प्रश्न गाळात बुडून जातो. 'स्पेकल्ड बँड' या प्रसिद्ध कथेत तर कलकत्त्याला डॉक्टरकी केलेला सावत्र बाप हिंदुस्थानी साप शिटीने बोलावतो आणि बशीतले दूध पाजतो. नागपंचमीला दूध ठेवणाऱ्या आपल्या बायकांनाही सापाला शिटी वाजवून बोलावायचे सुचले नाही! गंमत सोडा, पण येथे रीत कशी बदलली ते दिसते. कॉलिन्सकडे पाप इंग्रजांनी हिंदुस्थानात केले आणि ते घरी परतले. डॉयलकडे विष हिंदुस्थानातून येते आणि इंग्रजी घर बिचारे त्याचे भक्ष्य होते.

होम्सचा मोठेपणा मी नाकारत नाही. वॉटसनशी असलेली त्याची मैत्री, बेकर स्ट्रीटवरचे धुके, आणि बुटाच्या चिखलावरून माणसाचा प्रवास सांगणारी ती नजर यांना वाङ्मयात तोड नाही. पण तो इतका लोकप्रिय का झाला, याचे एक कारण त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या सामाजिक स्थानात आहे. १८७७ साली स्कॉटलंड यार्डाचे तीन इन्स्पेक्टर लाचखोरीच्या खटल्यात तुरुंगात गेले. दुसऱ्याच वर्षी जुनी शाखा मोडून नवा विभाग उभारावा लागला. सरकारी डिटेक्टिव्हवरचा विश्वास असा डळमळलेला असताना होम्स आला. तो सुशिक्षित, सभ्य, नोकरीत नसलेला. मुख्य म्हणजे तो आपण होऊन कोणाच्या घरात शिरत नाही. अशीलच जिना चढून त्याच्याकडे येते. तो बोलावला जातो. घराण्याची लाज त्याच्या हाती सुरक्षित राहते. प्रसंगी तो गुन्हेगाराला स्वतःच्या अधिकारात सोडूनही देतो, जसा 'ब्लू कार्बंकल' या नाताळकथेत सोडतो. व्हिचर आला तो कोणी प्रेमाने बोलावले म्हणून नव्हे. कायद्याने पाठवले म्हणून. व्हिचर हा घराला विचारलेला प्रश्न होता. होम्स हे घराला मिळालेले आश्वासन आहे. सणाच्या दिवशी, सगळे दिवे लागलेले असताना, अंधार कुठेतरी दूर, बंदराजवळच्या गल्लीत किंवा परदेशी सापाच्या दातात आहे, असे कोणी ठामपणे सांगितले तर कोणाला आवडणार नाही?

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. सणाच्या दिवशी आपण खुनाची गोष्ट वाचतो ती बहुधा हे आश्वासन मिळवण्यासाठी. सामान्य रहस्यकथा ते देते आणि आपण सुखाने झोपतो. थोर रहस्यकथा ते देता-देता अडखळते. 'मूनस्टोन'मध्ये दोष पुष्कळ आहेत. ती लांबली आहे; अफूचा प्रयोग करून सारी रात्र पुन्हा घडवून आणण्याचा भाग विश्वासाला ताण देतो; पत्रके वाटत फिरणाऱ्या मिस क्लॅकची थट्टा दहा पानांत संपती तर बरी होती. तरीही ती आजवर टिकली, कारण तिच्यातला चोर पकडला गेल्यावरही आपली अस्वस्थता संपत नाही. हिरा गेला, पण वाळूखालची रोझॅना राहिली.

आपल्या मराठी रहस्यकथेने बहुधा होम्सची वाट धरली, कफची नव्हे. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड यांनी आपल्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. ज्यांनी अभ्यासाच्या पुस्तकाआड त्या लहानशा पुस्तिका वाचल्या, त्यांना या ऋणाची आठवण करून द्यायला नको. त्या कथांतला वेग आणि भाषेचा सरळपणा पुष्कळ प्रतिष्ठित लेखकांना साधला नाही. परंतु त्यांतला गुन्हा बहुधा अड्ड्यावर राहिला, तळघरात राहिला. आपल्या माजघरात क्वचितच आला. आपल्याकडे एकत्र कुटुंब होते, सावत्रपणा होता, दागिन्यांच्या पेट्या होत्या, भाऊबंदकीचे दावे होते, आणि सर्व जाणून मुकाट्याने भांडी घासणारी माणसे होती. मराठी 'मूनस्टोन'ला लागणारी सामग्री आपल्या वाड्यावाड्यांतून पडून होती, आणि आज वाड्यांच्या जागी सदनिका आल्या तरी ती संपलेली नाही.

कारण एक रीत अजून कायम आहे. घरातला एखादा दागिना दिसेनासा झाला की प्रथम कोणाकडे पाहिले जाते? सुनेचा कप्पा नाही, जावयाची बॅग नाही, चिरंजीवांचा खिसा नाही. कामवाल्या बाईची पिशवी. दोन दिवसांनी तो दागिना उशीखाली किंवा गादीच्या फटीत सापडतो आणि सर्वांना हायसे वाटते. त्या बाईला काय वाटले, ते कुठल्याच वहीत लिहिले जात नाही. रोड हिलच्या दाईच्या माथी पाच वर्षे संशय राहिला. परटिणीने झगा हरवल्याचे घरचे लोक सांगतच राहिले. व्हिचरने आणि त्याच्यामागून कॉलिन्सने एवढेच केले, की परिटाची वही उघडून बोट खालच्या नावांवरून वरच्या नावांकडे नेले. ज्या मराठी लेखकाला यंदा नाही तर पुढल्या दिवाळीला रहस्यकथा लिहायची असेल, त्याने रिव्हॉल्व्हर आणि काळा बुरखा खुशाल बाजूला ठेवावा. घरात ती वही कुठे आहे, एवढे विचारावे. आणि ती वरपासून खालपर्यंत नव्हे, खालपासून वरपर्यंत वाचावी.